पिठाचा कोंबडा आणि मातीचा मावळा

"भाभी, इस उमर में गुड्डे-गुड़िया?"

गेल्या चातुर्मासात हा प्रश्न मला निदान पाच जणींनी विचारला. चौघींनी हसत विचारला, म्हणून मीही हसून सोडून दिला. पाचवी मात्र हसली नाही. मंदिरात स्वाध्याय संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. पण तलवारी घेतलेले शिपाई रंगवत बसणं म्हणजे हिंसेची अनुमोदनाच. यशोधर राजाचं काय झालं, तुम्हाला माहीत आहे. फोडून कुंडीत घालून टाका."

राग मी मानला नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण बाई अभ्यासू आहे आणि तिने दिलेला दाखला आपल्या घरचा आहे. म्हणून बहिणींनो, तिला जे तेव्हा बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

आधी हे शिपाई कुठले ते सांगते. माझं माहेर धारचं. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घरांपैकीच आमचं एक, फक्त जैन. वडील गेल्यावर दोन वर्षांनी धारचं घर विकायचं ठरलं. माळा रिकामा करताना एक गंजका बिस्किटांचा डबा निघाला. आत पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली तेवीस चित्रं. आम्ही त्यांना चित्रंच म्हणायचो. दिवाळीच्या किल्ल्यावरची. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफेपाशी बसलेला गोलंदाज, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, आणि सगळ्या गडाला एका घासात गिळेल एवढा मोठा वाघ. काही आत्याने पुण्याहून आणलेली, साच्यातली. काही धारच्या कुंभाराने केलेली. आणि सात माझ्या हातची, न भाजलेली, नुसती उन्हात वाळवलेली.

त्या सातांत एक दोन तोंडांचा पहारेकरी आहे. एक तोंड पुढे बघतं, एक मागे. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. दादा म्हणाला होता, "असले शिपाई गडावर असतात का कुठे?" आणि त्याने त्याला वाघाच्या गुहेमागे ठेवून दिलं. आमच्याकडे पद्धतच तशी होती. माती चाळायची मी, पोती भिजवायची मी, मोहरी पेरून गडावर हिरवळ उगवायची मी, चित्रं रंगवायची मी. आणि महाराजांना गडावर बसवायचा मान दादाचा. कोणी ठरवून अन्याय केला असं नाही. ते तसंच असायचं.

गंमत अशी की आमच्या गच्चीवरून खरा किल्ला दिसायचा. धारचा, तांबड्या दगडांचा, ज्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पाहुणे विचारायचे, समोर एवढा किल्ला असताना अंगणात मातीचा कशाला? आजी म्हणायची, "तो राजाचा. हा पोरांचा."

आणि धारमध्ये मातीला कमी लेखायची रीतही नव्हती. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे, पण नंतर धारलाच राहिले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेतून आम्हाला त्यांचा स्टुडिओ बघायला नेलं होतं. मोठे मोठे चेहरे रांगेने ठेवलेले. ते बघून आल्यावरच मी माझी सात चित्रं केली. तेव्हा आजी एकच म्हणाली, "डोळे शेवटी काढ. डोळे काढले की ते आपल्याकडे बघायला लागतात, मग चूक दुरुस्त करायला हात धजत नाही."

आता यशोधर राजा. ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यशोधर उज्जयिनीचा राजा, म्हणजे आमच्या देवासपासून तासाभराच्या वाटेवरचा. त्याला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होईना. मग मधला मार्ग निघाला: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. तो कापला. त्या पापाने आई आणि मुलगा दोघंही मोर, कुत्रा अशा किती तरी पशुयोनींतून फिरले. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी पुरीच्या कणकेची चिमणी करणंच सोडून दिलं होतं.

पण गोष्ट नीट वाचा. राजाला कर्म कशाने बांधलं? पिठाचा कोंबडा केला म्हणून? नाही. बळी द्यायचा म्हणून तो केला आणि मारण्याच्या भावाने त्याच्यावर शस्त्र चालवलं म्हणून. हात पिठावर पडला, भाव जिवावर होता. शास्त्रात त्याला संकल्पी हिंसा म्हणतात. तोच कोंबडा राजाने पोराला खेळायला दिला असता, तर सोमदेवसूरींना लिहायला कथाच उरली नसती.

मी माझ्या तेवीस चित्रांवर काय चालवते? कुंचला. एकाचा हात मोडलाय, तो जोडते. एकाचं नाक झिजलंय, ते भरून काढते. भाला हरवलाय, तिथे खराट्याची काडी तासून बसवते. यात मारण्याचा भाव कुठे आहे, ते मला कोणी दाखवून द्यावं.

आणि किल्ल्यावर कधी लढाई पाहिलीत का तुम्ही? मी नाही पाहिली. आमच्या गडावर सगळे उभे असायचे. पहारा करत. गवळण बाजारात, शेतकरी औतामागे, वाघ गुहेत, आणि सगळे चार दिवस एकमेकांच्या शेजारी. मेलेला मावळा मी कुठल्याही कुंभाराकडे पाहिलेला नाही. गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण सोडायला सांगितली आहे. पण आरंभी, उद्योगी, विरोधी या तिन्हींतून गृहस्थ पुरता सुटत नाही, हे आपण सगळ्याजणी पाठशाळेत शिकलो. घर राखायला वेशीवर उभा राहिलेला माणूस विरोधी हिंसेत येतो. मग मातीच्या पहारेकऱ्याला आपण मुनींचे नियम का लावतो?

आता दुसरा दाखला देते, आणि तो आमच्या धारचा आहे. पंडित आशाधर मांडलगड सोडून धारेला आले आणि पुढे नालछ्याला राहिले. धारहून मांडूला जाताना लागतं तेच नालछा. तिथल्या नेमिनाथाच्या चैत्यालयात बसून त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांच्या 'सागारधर्मामृता'त शिकार सोडलेल्या श्रावकासाठी एक बारीक नियम आहे. कापडावर, नाण्यावर, मातीत किंवा लाकडात ज्या जिवांच्या आकृती केलेल्या असतात, त्यांचीसुद्धा तोडमोड करू नये. लोकांतही ते निंद्य मानतात, असं ते म्हणतात.

माझी अभ्यासू ताई म्हणेल, बघा, आकृतीत जीव मानलाच की! मान्य. मानला, म्हणूनच विचारते: मग "फोडून कुंडीत घाला" हा सल्ला कुठल्या शास्त्रातला? नालछ्याच्या पंडितांनी जे करू नका म्हणून सांगितलं, नेमकं तेच तुम्ही मला अहिंसेच्या नावाने करायला सांगताय. एक जुना मावळा हातोडीने फोडताना मनात जो कठोरपणा आणावा लागेल, तो मला त्याला रंगवताना एकदाही आणावा लागला नाही.

तिसरी गोष्ट तर आपण अभिषेकाला उभ्या राहतो तेव्हा डोळ्यांसमोरच असते. भरत आणि बाहुबली. दोन्हीकडे सैन्यं उभी होती. मंत्र्यांनी विचार केला की भावाभावाच्या मानासाठी हजारोंनी का मरावं? मग सैन्य बाजूला ठेवलं आणि तीन सामने ठरवले: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. एकमेकांकडे न पापणी लववता बघायचं, पाणी उडवायचं, कुस्ती खेळायची. पोरांचे खेळच की हे! खऱ्या लढाईच्या जागी खेळ ठेवण्याची बुद्धी ज्या परंपरेला एवढ्या आधी सुचली, तिने मातीच्या खेळण्याला घाबरावं याचं मला नवल वाटतं.

परदेशातही हे कोणाला तरी सुचलं होतं. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. खोलीच्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढाई कशी खेळायची, त्याचे नियम. माणूस खऱ्या लढाईच्या विरुद्ध. म्हणणं असं, की ज्यांना लढायची एवढी हौस आहे त्यांनी ती जमिनीवर भागवावी. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, म्हणजे ऐकलं कोणी नाही. पण पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्याने हुशार मुलींनाही खेळायला बोलावलं आहे, हे मला फार आवडलं. आमच्या अंगणात ते बोलावणं पोचलं नव्हतं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. मी त्याला डब्याचा फोटो पाठवला, तर त्याने उलट त्याच्या एका साहेबाच्या कपाटाचा फोटो पाठवला. तिकडे वॉरहॅमर नावाचा खेळ आहे, १९८३ सालापासूनचा. बोटाच्या दोन पेरांएवढे राक्षस, बुटके, पंखवाले घोडेस्वार. पोरं ते विकत आणून स्वतः रंगवतात आणि टेबलावर त्यांची सैन्यं मांडतात. ती पोरं आता पन्नाशीची झालीत. माळ्यावरचे डबे काढतात, शाळकरी वयात थापलेला जाड रंग खरवडतात आणि पुन्हा निगुतीने रंगवतात. जुन्या चित्रांत शिसं असायचं म्हणून खरवडताना सांभाळतात. साहेब कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. "इस उमर में?" असं त्याला कोणी विचारत नाही. त्याला छंद म्हणतात. आमचं ते गुड्डे-गुड़िया.

इथे मला एक कबूल करायचं आहे. हिंसेचा प्रश्न रंगवण्यात नव्हताच असं नाही. होता, पण तो कोणी विचारला नाही. बारीक कामाचे चांगले कुंचले खारीच्या, नाहीतर मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. दुकानदाराने मला तोच काढून दिला, "ताई, डोळ्यांसाठी हाच पाहिजे." मी विचारलं, कशाचा आहे? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. मी नायलॉनचा घेतला. त्याचं टोक लवकर फाटतं, म्हणून डोळ्यांसाठी एक वेगळाच राखून ठेवलाय. वरून चकाकी द्यायला लाखेचं वॉर्निश सांगतात, ते किड्यांपासून होतं, म्हणून नाही लावलं. सरस जनावरांपासून, म्हणून डिंक. शेंदरात शिसं असतं, म्हणून लाल रंगाला गेरू. न भाजलेली सात चित्रं पाण्याने विरघळतील, म्हणून धूळ कोरड्या कुंचल्याने काढली, आधी तळाला ओलं बोट लावून बघितलं, आणि मोडलेल्या जागी माती, कागदाचा लगदा आणि डिंक भरला. वर खडूचा पांढरा हात, मग कपडे, मग चेहरा. डोळे शेवटी.

हे सगळं तपासायला मला तीन आठवडे लागले. शिपायाच्या हातातली काडीची तलवार सगळ्यांना दिसली. खारीचं शेपूट कोणालाच दिसलं नाही. अहिंसा म्हणजे चित्र कशाचं आहे ते बघणं, की ते कशापासून झालं ते बघणं? आपण हल्ली पहिल्यावर भागवतो, कारण ते सोपं आहे.

आणि सोपं कसं, तेही बघा. ज्या घरांतून मला उपदेश आला, त्याच घरांत जेवताना पोरांच्या हातात मोबाईल असतो आणि त्यात गोळ्या घालून माणसं पाडायची असतात. पडली की गुण मिळतात. पोरगं ओरडतं, "मारा! मारा!" आणि आई म्हणते, निदान भाजी खातोय तरी. महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी सकाळी लाडू चढवायचा आणि रात्री फटाक्यांची लड लावायची. त्यात किती किडामुंगी जाते त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. तिथे यशोधर राजा आठवत नाही. तो नेमका माझ्या व्हरांड्यात, माझ्या दुपारच्या दोन तासांत आठवतो.

म्हणून मला वाटतं, मुद्दा हिंसेचा नाहीच. मुद्दा त्या दोन तासांचा आहे. मी त्या दोन तासांत पापड केले असते, स्वेटर विणला असता, पर्युषणासाठी रांगोळीचे नमुने काढले असते, तर पाचींपैकी एकीनेही विचारलं नसतं. कारण ते कोणासाठी तरी असतं. हे कोणासाठीच नाही. घरच्यांच्या पोटात जात नाही, अंगावर येत नाही, मंदिरात लागत नाही. आमचे हे सुद्धा पहिल्या आठवड्यात म्हणाले, "यांचं काय करणार पुढे?" मी म्हटलं, "बघणार." ते गप्प बसले. आता संध्याकाळी स्वतःच विचारतात, "गोलंदाजाचा फेटा झाला का?"

मी सगळ्यांवर तोंडसुख घेतेय असं वाटेल, म्हणून माझीही आलोचना इथेच करते. लग्न होऊन देवासला आले, मुलगी झाली. ती सात-आठ वर्षांची असताना तिने शेजारी किल्ला पाहिला आणि घरी येऊन मागे लागली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात असले मारामारीचे खेळ नसतात." धारला ते आपल्यातच होते, हे मला माहीत होतं. डबा माळ्यावर आहे, हेही माहीत होतं. मी काहीच बोलले नाही. उलट मुलीलाच समजावलं, शहाणी ना तू, पाप लागतं. चार दिवाळ्या ती शेजारच्या कुंपणाला धरून उभी राहायची. मग तिने बघणं सोडलं. सासूबाईंना मी दोष देत नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं, आणि तरी मी पापाचं नाव घेतलं. न पटलेल्या गोष्टीसाठी धर्माचं नाव पुढे करून एका पोरीचा हात मागे ओढला, यातली हिंसा कुठल्या प्रकारात मोडते? संकल्पी, की आरंभी? क्षमावाणीच्या दिवशी मी तिला फोनवर उत्तमक्षमा म्हटली आणि हे सांगितलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, त्या दोन तोंडांच्याचं मागचं तोंड रंगवू नकोस. मी आल्यावर रंगवीन."

तर बावीस पूर्ण झाली आहेत. तेविसाव्याचं मागचं तोंड अजून पांढरं आहे.

या दिवाळीला आमच्या ओट्यापाशी किल्ला होणार आहे. आजीचे नियम तेच. माती दिवसाउजेडी चाळून, किडामुंगी बघून घ्यायची. अंधारात खणायचं नाही. गडावरचा दिवा काचेच्या आत, म्हणजे पतंग पडणार नाही. गुहेमागे या वेळी कोणी बसणार नाही. दोन तोंडांचा दरवाज्यात राहील. महाराजांना गडावर कोण बसवणार, ते मुलगी आल्यावर ठरेल. दादालाही बोलावलं आहे. तो म्हणाला, "माती मी चाळतो."

निर्वाण लाडू चढवून परत जाताना तुम्ही सगळ्या याच वाटेने जाता. ज्यांना हसायचं आहे त्यांनी हसावं, दोन मिनिटं थांबून हसावं. माझ्या अभ्यासू ताईलाही निमंत्रण आहे. तिला वाद घालायचा असेल तर घालू. ओट्यावर सतरंजी टाकून ठेवते, आणि सूर्यास्ताआधी जेवूनच जा म्हणावं. एवढंच, की तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल, तर तो फोडायच्या आधी एकदा उघडून बघा.